गोदामातले प्राचार्य

प्रवेशासाठी कुणी दारात आलं की आमचे प्राचार्य खुर्चीतून उठून उभे राहत. मुलगा बापाच्या पाठीमागे लपलेला. हे म्हणत, “ये बाबू, बस. तुयासाठीच तं उघडलं हे.” विद्यार्थी बसलेला आणि प्राचार्य उभे, असं तुम्ही तरी कुठे पाहिलंय?

एटापल्लीच्याही पुढे, जंगलातलं ते पहिलं कॉलेज. तेंदूपत्त्याच्या रिकाम्या गोदामात भरायचं. मी तिथे मराठी शिकवायचो. प्राचार्य सर सावली तालुक्यातले, मासेमारी करणाऱ्या घरातले. चंद्रपूरची पक्की नोकरी सोडून आलेले. सायकलनं गावोगाव फिरून, मोडक्यातोडक्या माडिया बोलीत आईबापांशी बोलून त्यांनी मुलं जमवली. त्यांची माडिया ऐकून बाया तोंडावर हात ठेवून हसत, पण मुली पाठवत.

मोहफुलांच्या दिवसांत मात्र वर्ग ओस पडत. फुलं पहाटे पडतात, वेचायला अख्खं घर लागतं. म्हणून सरांनी तेवढ्या दिवसांपुरतं कॉलेज दुपारी भरवायला सुरुवात केली. नेमकी तेव्हाच मान्यतेची समिती सकाळी येऊन धडकली. गोदामात चिटपाखरू नाही. विद्यार्थीच नसतील तर कॉलेज कशाला, असं अध्यक्षांनी विचारलं.

सर शांतपणे म्हणाले, “साहेब, मोहा आपल्या टाइमटेबलनं नाई पडत. दुपारपर्यंत थांबा.”

ते थांबले. ऊन चढलं तशी मुलं येऊ लागली, टोपल्या भिंतीशी ठेवून बाकांवर बसली. गोदामभर मोहाचा वास सुटला. शेवटी समितीलाच बसायला जागा उरली नाही. कॉलेज वाचलं. आजही त्या दुपारची आठवण झाली की माझी मान ताठ होते.

निवृत्तीनंतर सर गावी जाऊन राहिले आणि गेल्या उन्हाळ्यात वारले. आम्ही मास्तर आणि जुने विद्यार्थी एसटी भरून अंत्ययात्रेला गेलो. त्यांचे थोरले भाऊ अंगणात उभे होते. जन्मभर वैनगंगेत जाळं टाकलेला माणूस. एवढी गर्दी पाहून ते एकेकाला विचारू लागले, तू कोण, कुठला. कुणी नर्स होती, कुणी कंडक्टर, कुणी वनरक्षक. एक माडिया बाई म्हणाल्या, मी आता सरांच्याच कॉलेजची प्राचार्य आहे.

भाऊ माझ्याकडे वळले. म्हणाले, “मले वाटे, थो जंगलात फुकट गेला.”

तिरडी उचलायची वेळ झाली. पुढचा खांदा भावाचा होता. त्यांनी त्या बाईंना जवळ बोलावलं आणि स्वतः बाजूला झाले.