भवानीचं गिऱ्हाईक

नेत्रा टपके म्हणजे वेसाव्याच्या कोळीवाड्यातली पोर, आवाज असा की माईकला सुट्टी. विलेपार्ल्याच्या आमच्या कॉलेजात मी अकाउंट्स शिकवते, आणि ओठांतल्या ओठांत उत्तरं देणाऱ्या मुलांचा मला भयंकर राग येतो. म्हणून अकरावीच्या मुलांसाठी कंपनी-मूल्यांकनाची स्पर्धा जाहीर झाली, तेव्हा बोलायला मी तिलाच उभं केलं. आकडेमोड देवदत्तकडे, तक्ते मृणालिनीकडे.

या स्पर्धेत एक कंपनी देतात. तिचा नफा, कर्ज, पुढचा धंदा बघून तिची खरी किंमत काढायची आणि तिच्यात पैसे घालावेत की नाही, ते परीक्षकांना पटवायचं.

उपांत्य फेरीत सगळ्यांत आधी आम्हालाच बोलावलं. बॅटऱ्या बनवणाऱ्या कंपनीची किंमत नेत्राने झोकात सांगितली, आठशे कोटी. एका परीक्षकांनी आठ्या घातल्या.

"जरा जास्त नाही वाटत?"

"चला, साडेसातशे धरा!"

सभागृह खो खो हसलं. मी कपाळावर हात मारला. देवदत्तच्या आकडेमोडीमुळे आम्ही कसेबसे अंतिम फेरीत गेलो.

बाहेर आल्याआल्या देवदत्त उखडला. "पन्नास कोटी सोडलेस तू! का?"

"अरे, भवानी होती ना! पहिलं गिऱ्हाईक आय कधी परत नाय पाठवत. तोंडातून निघून गेलं यार."

तिची आई, जयंती, अंधेरीच्या बाजारात मासे विकते आणि सुट्टीच्या दिवशी नेत्रा तिच्या शेजारी बसते. दिवसाची पहिली विक्री म्हणजे भवानी. तेव्हा भाव थोडा उतरवतात, पण गिऱ्हाईक जाऊ देत नाहीत.

"फायनलला मृणालिनी बोलेल," देवदत्त म्हणाला.

नेत्राचा चेहरा पडला, पण क्षणभरच. "बोलणार मीच. परत माती खाल्ली तर मॅडम, पुन्हा कुठल्या स्टेजवर मला उभी करू नका."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, नेत्राच बोलेल.

अंतिम फेरी वांद्र्याला, बीकेसीतल्या एका चकचकीत ऑफिसात होती. चिठ्ठ्या टाकल्या, तर पुन्हा आम्हीच पहिले! या वेळची कंपनी औषधांच्या बाटल्या बनवणारी होती. नेत्राने किंमत सांगितली, सहाशे कोटी. समोर तेच परीक्षक होते, आणि त्यांना मागचं सगळं आठवत होतं.

"पाचशे म्हणा, लगेच पटेल मला," ते हसत म्हणाले.

देवदत्तने डोळे मिटून घेतले. नेत्रा मात्र सरळ त्यांच्याकडे बघत होती.

"सर, माल माझा असता तर भवानीला भाव नक्की कमी केला असता. ही कंपनी माझी नाही. तुमचं मन राखायला मी तिची किंमत कशी उतरवू? हिशोबात चूक दाखवा, आत्ता किंमत खाली आणते."

परीक्षकांनी कागद पुन्हा चाळले. चूक निघाली नाही. पहिला नंबर आमचा आला, तेव्हा मी सगळ्यांसमोर रडले आणि मला त्याची मुळीच लाज वाटली नाही.

रविवारी सकाळी मी मुद्दाम अंधेरीच्या बाजारात गेले. जयंती बर्फ आणायला गेली होती. भरल्या टोपलीशी नेत्रा एकटीच बसली होती, भवानी अजून व्हायची होती.

"हे पापलेट केवढ्याला?"

"आठशे."

"जरा जास्त नाही वाटत?"

तिने मान वर केली, मला बघून ती हसली आणि तिने पापलेट पिशवीत टाकलं.

"सातशे द्या, मॅडम. हा माल आमचाय."