मिरची सेक्शनमधली मीटिंग

गेटबाहेर छत्तीस बायका उभ्या होत्या, आत मी, आणि मध्ये कुलूप. कुलूप लावायचा हुकूम मालकांचा. तो वॉचमनला सांगितला मी. एचआरचं काम असंच असतं.

धुळ्याच्या एमआयडीसीतल्या मसाल्याच्या कंपनीत मी एचआर मॅनेजर होते. बायकांच्या पुढे सुमनअक्का. मिरची सेक्शनमध्ये अकरा वर्षं पॅकिंग करणाऱ्या. युनियन नोंदवायच्या अर्जावर सात कामगारांच्या सह्या पुरतात. अक्कांनी छत्तीस आणल्या. मालक हेमंतभाऊ हादरले आणि त्यांनी अक्कांना 'गेटबंद' केलं. म्हणजे कागदावर काही लिहायचं नाही, फक्त आत सोडायचं नाही. मग बाकीच्या पस्तीस जणीही बाहेरच थांबल्या.

मी वर भाऊंच्या केबिनमध्ये गेले. तिथे एसी होता आणि नवाकोरा एअर प्युरिफायरही.

"भाऊ, युनियन केली म्हणून कामावरून काढणं बेकायदा आहे. कोर्टात आपण हरू."

"मग काय करू?"

"बोलणी."

"ठीक. दोघींना वर बोलवा."

मी खाली निरोप दिला. अक्कांनी नकारार्थी मान हलवली.

"काम छत्तीस जणीसनं शे. आम्ही बठ्ठ्या येसूत."

केबिनमध्ये खुर्च्या सहा. छत्तीसच्या छत्तीस जणी मावतील असा हॉल एकच, मिरची सेक्शनचा. शेजारच्या खोलीत पल्व्हरायझर, म्हणजे मिरची दळायचं यंत्र, सकाळपासून चालू होतं. ते बंद करायला सांगावं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. खरंच आलं नाही.

बायका रांगेत बसल्या, नाकातोंडाला पदर बांधून. भाऊ फाईल घेऊन उभे राहिले.

"मी तुम्हाला कामगार मानत नाही. आपण एक कुटुंब आहोत. आणि कुटुंबात युनियन..."

पुढचं वाक्य शिंकेत गेलं. मग दुसरी शिंक. तिसरी माझी.

अक्का उठल्या आणि मागण्यांचा कागद वाचू लागल्या. "एक. हॉलमा एक्झॉस्ट फॅन."

"आक्छी!"

"भाऊले शिंक उनी! खरं शे!" मागून कोणीतरी ओरडलं. बोलताना शिंक आली की बोललेलं खरं, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत.

"दोन. मास्क, आनि नेमणुकीचं पत्र."

"आक्छी!"

"खरं शे!" आता सगळा हॉल एका सुरात.

"तीन. पगारवाढ."

भाऊंनी नाक घट्ट दाबून धरलं. उपयोग झाला नाही. या वेळी शिंक इतकी मोठी होती की फाईल हातातून उडाली आणि कागद हॉलभर पसरले. ते गोळा करायला वाकले की आणखी शिंका. मी भिंतीला टेकून हसत होते. मॅनेजरनं असं हसायचं नसतं, पण पोटच ऐकेना.

भाऊंनी डोळे पुसले आणि निकरानं म्हणाले, "कंपनीला हे सगळं परवडत नाही!"

हॉल एकदम शांत. सगळ्यांचे डोळे त्यांच्या नाकावर. त्यांनी तोंड उघडलं, मान मागे टाकली, आणि आलेली शिंक परत गेली.

मग जो हशा पिकला! दळणारे गडी यंत्र सोडून दारात येऊन उभे राहिले. शेवटी भाऊही हसायला लागले.

हसू ओसरल्यावर अक्का हळूच म्हणाल्या, "भाऊ, तुमना केबिनमा हवा साफ कराना डबा शे. आम्ही आठे रोज आठ तास ऱ्हातस. मना नातू मना जोडे, मांडीवर येत नही. म्हनस, आजीना लुगडाले तिखट शे."

भाऊ खाली पाहत म्हणाले, "अक्का, मी एका चक्कीवर सुरुवात केली. युनियन आली की बाहेरचे पुढारी येतात, कारखाना बंद पडतो. मला त्याची भीती आहे."

"कारखाना बंद पडना तं पहिले आम्हीच उपाशी मरसूत, भाऊ. आम्हले तो चालूच पाहिजे."

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी तिथल्या तिथे करार लिहून कागद पुढे केला. गेटबंद रद्द, फॅन पंधरा दिवसांत, मास्क उद्यापासून, नेमणुकीची पत्रं महिनाअखेर. पगारवाढीवर पुढची बैठक. भाऊंनी दोनदा शिंकून सही केली आणि जवळजवळ पळतच बाहेर पडले.

फॅन सतराव्या दिवशी लागले. पगारवाढ चार बैठकांनंतर मिळाली, मागितली होती त्याच्या निम्मी. युनियन नोंदली गेली. बाहेरचा पुढारी काही आला नाही. अध्यक्ष अक्काच झाल्या.

एमबीएला वाटाघाटींवर आम्हाला एक आख्खा पेपर होता. मला त्यात चांगले मार्क होते. मीटिंग कुठे घ्यावी, याबद्दल त्यात एक ओळही नव्हती.