शोकाच्या कोटातला होकार

नेदरलँड्समधल्या फ्रीसलंड प्रांतातल्या त्या गावात विजेची पवनचक्की गावाच्या मालकीची होती. ती चालवणारा गावकऱ्यांचा संघ उभा केला तो त्यालिंगने. दूध डेअरीत नोकरी सांभाळून त्याने घर न् घर पालथं घातलं होतं. आता ती चक्की थकली होती. नवी, उंच चक्की बसवायची तर तिच्या सावलीत येणाऱ्या प्रत्येक घराचा होकार हवा होता, आणि तोही गुरुवारच्या सभेपर्यंत; परवान्याच्या अर्जाची मुदत तेव्हाच संपत होती. फक्त गेर्लोफ शेतकरी अडून बसला होता.

बुधवारी सकाळी शेजारचा डाउवे गेला. तिथल्या रीतीप्रमाणे, सर्वांत जवळचा शेजारी म्हणून मरणाचा निरोप दारोदार सांगणं त्यालिंगकडे आलं. त्याने शोकाचा काळा कोट चढवला. या कोटात उंबऱ्याबाहेरच उभं राहायचं, निरोप द्यायचा, दुसरं अवाक्षर काढायचं नाही.

गेर्लोफच्या दारात त्याने निरोप दिला, तशी गेर्लोफने टोपी काढली. डोळे पुसले.

"डाउवेसुद्धा गेला. आपलं तरी काय खरं? बसव बाबा तुझी चक्की. माझा होकार."

त्यालिंगने गप्प राहायला हवं होतं. तो म्हणाला, "उद्या सभेत सांगशील ना?"

संध्याकाळपर्यंत ते डाउवेच्या बायकोच्या, वित्स्केच्या, कानावर गेलं.

"माझ्या माणसाचं मरण सांगायला गेला होतास की चक्की विकायला?" तिने दारातच विचारलं. "शनिवारी त्याला खांदा देऊ नकोस."

"वित्स्के, मी मुद्दाम नाही..."

"गाव येणारच आहे. तूही ये. मागून चाल."

गुरुवारी सभागृहात गेर्लोफने हात वर केला. टाळ्या पडू लागल्या, तसा त्यालिंग उभा राहिला.

"हा होकार धरू नका. मी तो शोकाच्या कोटात घेतलाय."

"अरे, मीच देतोय ना?" गेर्लोफ भडकला. "माझा होकार काय उष्टा आहे? मग नकारच लिहा!" तो तरातरा निघून गेला. मुदत टळली. शेजारच्या गावाचा अर्ज पुढे गेला.

शनिवारी रीतीप्रमाणे डाउवेची शवपेटी चर्चभोवती तीनदा फिरवली. खांद्याची त्यालिंगची जागा दुसऱ्याने घेतली. वित्स्केने शब्द फिरवला नाही. त्यालिंग सगळ्यांच्या मागून चालला. सभेत काय झालं ते सगळ्यांना ठाऊक होतं.

पुढच्या वसंतात पुन्हा अर्ज मागवले गेले. त्यालिंग होकार मागायला साध्या सदऱ्यावर निघाला आणि आधी वित्स्केचं दार वाजवलं.

तिने त्याला नीट न्याहाळलं.

"आत ये. कॉफी टाकते," ती म्हणाली. "पण होकार देईनच, असं समजू नकोस."