झोपलेल्या माणसाला मांडी नसते

आमच्या वॉर्डात साठ दिवस काहीच घडत नाही, म्हणूनच तिथे किस्से साचतात! माणूस हिंडता-फिरता असला की बोलणं चार ठिकाणी सांडून येतो. आमची माणसं आडवी. त्यांचं सगळं बोलणं त्याच खोलीत पडून राहतं, आणि मी तिथली सिस्टर असल्यामुळे ते माझ्या पदरात जमा होतं.

आधी काम सांगते, नाहीतर तुम्ही मला भलतंच काहीतरी समजाल. माणूस महिनोन्‌महिने अंतराळात राहिला की त्याच्या पोटऱ्या आटतात, हाडं ठिसूळ होतात, रक्त डोक्याकडे चढतं. हे जमिनीवर तपासायचं तर धडधाकट माणूस पलंगावर आडवा करायचा, डोक्याकडची बाजू सहा अंश खाली उतरवायची आणि दोन महिने त्याला उठू द्यायचं नाही. जेवण, आंघोळ, सगळं आडव्यानेच. कूस बदलली तरी एक खांदा गादीला टेकलेला पाहिजे. उशी नाही, भेटायला कुणी येणार नाही, दुपारची डुलकीसुद्धा नाही.

एकदा रिक्षावाल्याने विचारलं, "मॅडम, तुमच्या दवाखान्यात कशाचे पेशंट असतात?"

म्हटलं, "पेशंट नसतात. चांगली माणसं आणून आम्ही झोपवतो."

त्याने आरशातून माझ्याकडे नीट बघितलं आणि पुढच्या चौकापर्यंत हॉर्नसुद्धा वाजवला नाही!

*

या खेपेची निवड चालू होती. लासूर स्टेशनचा बबन समोर बसला होता. बाजार समितीत हमाली करणारा, वय तीस, छाती दारासारखी. आमचे डॉक्टर साठे म्हणजे नियमाचा पुतळा. त्यांनी विचारलं, "हे काम तुम्हाला का करावंसं वाटतं?"

बबन म्हणाला, "सायब, बाराव्या वर्सापास्नं पाठीवर पोतं हाय. एकदा पाठ खाली आन्‌ पोतं नाय, असं कसं लागतं ते बघायचंय."

साठे सर फॉर्मवर काहीतरी लिहीत राहिले. मग विचारलं, "दुसरं काही कारण?"

बबन लाजला. "ल्हानपनी वाटायचं, वर जावं. चांदन्यात. आता आपून काय जानार! पन जो जाईल त्याला माह्या हाडाचा काय तरी उपेग व्हईल ना?"

बायको संगीता पोटुशी होती. दिवस भरायची तारीख त्याच्या उठायच्या तारखेनंतर तीन दिवसांनी होती. ती तारीख त्याने आम्हाला तीनदा सांगितली. म्हणाला, "उठनार, घरी जानार, आन्‌ पोर मांडीवर घेनार. लई दिवस झाले वाट बघून." लग्नाला आठ वर्षं झाली होती त्यांच्या. साठे सरांनी सही घेतली आणि बबन आडवा झाला.

*

पहिल्या आठवड्यात सगळ्यांची तोंडं सुजतात. रक्त वर येतं, गाल फुगतात, नाक चोंदतं. आम्हाला सवय आहे, घरच्यांना नसते.

संगीताने व्हिडिओ कॉल केला. आधी तिने डोळे बारीक करून बघितलं. मग म्हणाली, "काय हो, आठ दिवसांत एवढे गाल? घरी काय उपाशी ठेवत व्हते का मी तुम्हाला?"

बबन म्हणाला, "अगं, रगत चढलंय!"

"व्हय, दिसतंय ना! सासूबाई, या इकडं, बघा तुमचं लेकरू. माहेरपणाला गेलंय!"

त्या दिवसापासून वॉर्डात बबनचं नाव 'माहेरवाशीण' पडलं. फोन ठेवल्यावर तो म्हणाला, "सिस्टर, तिला माझे पाय दाखवायला पायजे व्हते. ते किती वाळलेत!"

*

आमच्या स्वयंपाकघरात रझियाआपा आहेत. चाळीस वर्षं लोकांना वाढण्यात गेली त्यांची. आणि इथे नियम असा, की ताटात ग्रॅमवर मोजून पडेल तेवढंच खायचं, ते सगळं खायचं, आणि वर कणभर मागायचं नाही. ज्या बाईचा हात "घ्या हो अजून थोडं" म्हटल्याशिवाय मागे येत नाही, तिला हे म्हणजे शिक्षाच!

वैजापूरचे किशोर सर आमच्या दुसऱ्या पलंगावर होते. शाळेत विज्ञान शिकवायचे. त्यांचा वाढदिवस आला. आपांनी दुपारच्या ताटात भाताखाली आंब्याच्या लोणच्याची एक फोड लपवली. कुणाला पत्ता नाही. सरांनी डोळे मिटून खाल्ली. मला वाटलं, आज यांना घरची आठवण येतेय.

पण आमच्याकडे लघवीचा थेंबन्‌थेंब तपासला जातो. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला, मीठ वाढलेलं. साठे सरांनी मला बोलावलं, मी आपांना बोलावलं, आणि चांगली खडसावली. मी अशीच आहे. नोंदवहीत कधी एक ग्रॅम इकडचा तिकडे केला नाही, करू दिला नाही.

आपा मान खाली घालून उभ्या. शेवटी म्हणाल्या, "सिस्टर, चोरी की है, मान्य. मगर ये कैसी नौकरी है बाबा, आदमी ने क्या खाया, वो उसके पेट से पूछते!"

किशोर सरांचा त्या दिवसाचा डेटा गेला. सर मात्र मला हळूच म्हणाले, "गेला तर गेला. फोड मुरलेली होती."

*

ही नोकरी घरापर्यंत येते. रविवारी आमचे हे सोफ्यावर आडवे पडून चिवडा खात होते. टीव्हीवर मॅच चालू. एक विकेट गेली तसे ताडकन उठायला लागले. मी स्वयंपाकघरातून ओरडले, "खांदा! खांदा टेकवा!"

ते खरंच टेकले. मग म्हणाले, "तू रिटायर कधी होतेस?"

*

खुलताबादचा सलीम हा आमच्या वॉर्डातला पहिला नंबर. आमच्याकडे रोज एकेक जण आडवा होतो, त्यामुळे उठतातही रोज एकेक. सलीमचं सायकल दुरुस्तीचं दुकान, बोलणं मोजकं. पाच वेळची नमाज तो पडल्यापडल्या, पापण्यांच्या इशाऱ्याने पढायचा. एकदा मला म्हणाला, "सिस्टर, दोन महिने झाले, सिर तो नीचेच है. पण जमीन काय लागत नाय."

मी म्हटलं, "आता थोडेच दिवस."

तो उठला त्या दिवशी तपासण्या संपल्या, तासभर खुर्चीत बसला, चार पावलं चालून झाली. मी संध्याकाळच्या रक्तासाठी नळ्या आणायला गेले, आणि परत येते तो खुर्ची रिकामी, सलीम जमिनीवर! नवीन उठलेला माणूस चक्कर येऊन पडतो, ही आमची सगळ्यात मोठी भीती. मी धावले, बटण दाबलं, दोन डॉक्टर स्ट्रेचर घेऊन आले.

सलीमने फरशीवरून कपाळ उचललं, दोन्ही खांद्यांकडे मान वळवत सलाम फिरवून सावकाश नमाज पुरी केली, आणि आमच्याकडे बघून म्हणाला, "पडलो नाय सिस्टर. टेकलोय."

स्ट्रेचरवाले आल्या पावली परत गेले. मी मात्र तिथेच उभी होते, कारण माझे डोळे भरले होते आणि नळ्या हातात असल्यामुळे पुसता येत नव्हते.

*

आता थोडं मागे येते, कारण बबनचा चव्वेचाळिसावा दिवस सांगायचा राहिला.

दुपारी जेवणं झाली होती. बबनचा फोन वाजला. त्याची आई ओरडत होती, "बबन्या, पोरगी झाली! आधीच आली बघ. दोघी बी बऱ्या हायेत!"

बबन उठलाच! म्हणजे उठायला निघाला. मान वर, एक खांदा वर, दुसरा सुटायला आलेला. आणि बाकीच्या सात पलंगांवरून एकदम आरोळी आली, "खांदा! बबन, खांदा!"

तो जिथल्या तिथे थांबला आणि हळूहळू पाठ टेकवली. मग रडायला लागला. आमच्याकडे रडणंसुद्धा सरळ नसतं. डोकं खाली असल्यामुळे आसवं गालावर न येता कपाळाकडे जातात, केसांत शिरतात. मी कापसाने त्याचं कपाळ पुसत बसले.

साठे सर आले. त्यांनी खुर्ची ओढली, खाली वाकून बबनच्या तोंडासमोर तोंड आणलं आणि म्हणाले, "हे बघ, तू सही करत होतास तेव्हाच मी सांगितलं होतं, तू कधीही जाऊ शकतोस. कारण विचारणार नाही, कुणी रागावणार नाही. आज संध्याकाळी गाडी करून देतो."

"आन्‌ माझं इथलं?"

साठे सर खोटं बोलत नाहीत. म्हणाले, "अर्धवट राहील."

बबनने संगीताला फोन लावला. दवाखान्यातून तिचा आवाज थकलेला येत होता. बबन म्हणाला, "येऊ का? सायब गाडी देतो म्हनले."

"किती दिस राहिले?"

"सोळा."

ती मग म्हणाली, "चव्वेचाळीस दिस पडले आन्‌ सोळ्यासाठी उठता काय? उद्या पोरगी इचारील, बाप चांदन्याच्या कामाला गेला व्हता म्हने, मग अर्ध्यातून काहून आला? मी काय सांगू तिला?"

"अगं, मांडीवर घ्यायची व्हती."

"झोपलेल्या मानसाला कुठली आलीय मांडी! आधी मांडी येऊ द्या. पोरगी पाळण्यात हाय, कुठं जात नाय."

फोन तिने ठेवला, पण आधी तिचाही हुंदका आम्हाला ऐकू आला.

*

ते सोळा दिवस वॉर्डातला प्रत्येक जण मनातून मोजत होता, पण मोठ्याने कुणी आकडा म्हणत नव्हतं. पोरगी रोज फोनवर दिसायची. कधी नुसती टाळू, कधी एक मूठ. बबन फोन डोळ्यांजवळ नेऊन वास घेतल्यासारखं करायचा. मला ते बघवत नसे.

एकदा फिजिओ मॅडम त्याच्या मांडीचा घेर टेपने मोजत होत्या. पोती वाहून कमावलेली मांडी चांगलीच आटली होती. बबनने मान न उचलता विचारलं, "मॅडम, एवढीशी झाली. पोरगी मावंल का?"

मॅडमनी दोनदा टेप लावली. आकडा तोच होता. दुसऱ्यांदा त्यांना तो नीट वाचताच आला नसावा, कारण लिहिला मी.

*

बबन सगळ्यात शेवटी उठला. आधी उठलेले सातही जण त्या दिवशी वॉर्डात हजर. कुणी काठी धरून, कुणी भिंत धरून. संगीता सकाळच्या गाडीने लासूरहून आली होती आणि पोरीला घेऊन दाराबाहेर बाकावर बसली होती.

उठवायचं म्हणजे हात देऊन नाही. टेबलाला पट्ट्यांनी बांधतात, टेबल उभं करतात, आणि पंधरा मिनिटं माणूस तसाच ठेवतात. रक्त पायात उतरतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. बरेच जण दहाव्या मिनिटाला "बस्स" म्हणतात. बाराव्या मिनिटाला बबनचे ओठ पांढरे पडले. साठे सरांनी विचारलं, "थांबवू?" त्याने दाराकडे बघून 'नको' अशी मान हलवली. पंधरा झाली.

मग विश्रांती, लिंबूपाणी, पुन्हा बीपी. अखेर त्याला हात असलेल्या खुर्चीत बसवलं. साठ दिवसांनी त्याला मांडी आली! त्याने ती दोन्ही हातांनी चाचपली, लुंगी सारखी केली आणि दाराकडे हात पसरले.

संगीता आत आली. तेवढ्यात मला साठे सरांच्या हातातला कागद दिसला. उठलेल्या माणसाचे नियम. पहिला आठवडा दोन किलोच्या वर वजन घ्यायचं नाही. नियम सरांचा स्वतःचा.

"बाळाचं वजन किती?" त्यांनी विचारलं.

संगीता सरळ बाई. म्हणाली, "परवा दवाखान्यात तीन किलो..."

"दवाखान्याचा काटा अलग!" रझियाआपा कुठून आल्या कळलं नाही. त्यांनी पोरीला संगीताच्या हातातून घेतलं. "यहाँ यहाँ का काटा चलता. चलो सिस्टर."

स्वयंपाकघरात आपांनी परातीत दुपटं अंथरलं आणि पोरीला काट्यावर ठेवलं. तीन किलो एकशे वीस. आम्ही दोघींनी बघितलं. पोरीने हात ताणून जांभई दिली. आपा नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या.

मी वॉर्डात आले आणि वजन लिहिलेला कागद सरांच्या हातात दिला. "एक किलो नऊशे," मी म्हटलं. माझाच आवाज मला परका वाटला.

साठे सरांनी चष्मा लावला. कागद बघितला. आपांच्या हातांतली ती गुबगुबीत पोरगी बघितली. मग बबनचे पसरलेले हात बघितले. ते मघापासून तसेच होते. 

"नियमात बसतंय," सर म्हणाले. "द्या."

संगीताने पोरगी त्याच्या मांडीवर ठेवली. मी एका बाजूला उभी, सलीम दुसऱ्या. पोरगी मावली. बबनने तिच्यावर मान वाकवली आणि या वेळी आसवं सरळ खाली, तिच्या दुपट्यावर पडली.

साठे सर दारापर्यंत गेले आणि मागे न वळता म्हणाले, "सिस्टर, तो काटा एकदा तपासून घ्या."

"हो सर, आत्ताच..."

"आत्ता नको. उद्या."