दहाच्या ओव्या आणि मुका रिसीव्हर

आमच्या रिसीव्हरचा आवाज गेला तेव्हा घरात बत्तीस माणसं होती, आणि ती सगळी आवाज ऐकायलाच आलेली होती.

बोलावलं मीच होतं. माझ्या आईच्या जात्यावरच्या ओव्या सांगलीला रेकॉर्ड झाल्या होत्या आणि रविवारी सकाळी दहाला त्या रेडिओवर लागणार होत्या. पंधरा मिनिटं. शहात्तराव्या वर्षी आई रेडिओवर येणार म्हटल्यावर मुलानं गप्प कसं बसायचं? मी तासगावात हायस्कूलला विज्ञान शिकवतो. घर गावाबाहेर, मळ्यात. हॉलमध्ये एक दणकट रिसीव्हर आणि त्याला माझ्या कमरेएवढे दोन स्पीकर. (रिसीव्हर म्हणजे रेडिओ आणि अॅम्प्लिफायर एकाच पेटीत. हे मी पाहुण्यांना न विचारता सांगतो.) इस्लामपूरची मावशी, साताऱ्याचे काका, शेजारच्या वस्तीवरची झाडून सारी मंडळी, सगळ्यांना मी फोन करून सांगितलं होतं, "आईचा आवाज असा ऐकवतो, की अंगावर काटा येईल."

आदल्या दिवशी मी रिसीव्हर ओल्या फडक्यानं स्वच्छ पुसून काढला.

"पुसलाय तर एकदा लावून बघा," माझी बायको सुनंदा म्हणाली.

"काल रात्रीपर्यंत वाजत होता. पुसल्यानं वस्तू बिघडत नाहीत. हे विज्ञान आहे."

सुनंदा काही बोलली नाही. ती काही बोलत नाही तेव्हा मला सावध व्हायला पाहिजे, हे मला तेवीस वर्षांत कळलेलं नाही.

रविवारी सव्वानऊला हॉल भरला. बाहेरून ट्रॅक्टर जातात म्हणून मी खिडक्या लावून घेतल्या. घरघरतो म्हणून पंखा बंद केला. मधेच कुणाचा वाजू नये म्हणून सगळ्यांचे मोबाईल बंद करायला लावले. मार्च महिना होता. काकांनी टोपी काढून वारा घ्यायला सुरुवात केली. मग मी, उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यासारखं, बटण दाबलं.

दिवा लागला. आकडे उमटले. स्टेशन लागल्याची खूण आली. आवाज मात्र आला नाही.

मी आवाज वाढवला. काही नाही. आणखी वाढवला, आणि शेवटी बटण फिरायचं थांबलं तिथवर नेलं. काहीच नाही. मग मी रिसीव्हरच्या पाठीमागं जाऊन बसलो. वायरी तपासायच्या होत्या हे खरं, पण तिथून आपला चेहरा कुणाला दिसत नाही हेही खरं.

"थापड मारून बघ की रं," मावशी म्हणाली. "आमचा टीवी तसाच लागतुया."

"मावशी, ही नाजूक वस्तू आहे."

"मग हळू मार."

एवढ्यात दत्ताभाऊ उठले. दत्ताभाऊ म्हणजे सुनंदाचे थोरले भाऊ, खंडाळ्याचे, मिलिटरीत वायरलेसवर नोकरी करून रिटायर झालेले. त्यांनी बाह्या सरसावल्या आणि पुढच्या रांगेला चार पावलं मागं घेतलं.

"दाजी, घाबरू नका. बर्फात सेट चालू केल्यात आमी. आधी स्पीकर मेलाय का सेट मेलाय ते बघू. एक सेल आणा."

"कसला?"

"घड्याळातला, टॉर्चचा, कसला बी. सेलाची टोकं वायरीला लावायची. स्पीकर जिता आसंल तर ठुप्प करतो."

मी सेल आणून दिला. दत्ताभाऊंनी वायरीला टेकवला. ठुप्प! बत्तीस माणसांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी माझ्या सिस्टीमवर ऐकलेला तो पहिला आवाज.

"दुसरा बी जिता हाय," दत्ताभाऊ म्हणाले. "म्हंजे सेटच मेला."

आई एवढा वेळ कोपऱ्यात नव्या इरकली लुगड्यात बसून होती. ती उठली. "तुमचं चालू द्या. मी जरा शेडाकडं जाऊन येते. बाया आल्यात बेदाणं निवडायला."

"आई, दहाच्या आत ये," मी म्हणालो.

"तू चालू तर कर."

मग आम्ही सेट उघडायला घेतला. सहा स्क्रू निघाले, सातवा निघेना. दत्ताभाऊ म्हणाले सातवा शोभेचा असणार. मी म्हणालो कंपनी शोभेचे स्क्रू लावत नाही. काकांनी आपला अडकित्ता पुढं केला. मी मधूनमधून भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा नऊ चाळीस झाले होते. बऱ्याच वेळानं बघितलं तरी नऊ चाळीसच. आपण किती झपाट्यानं काम करतोय, या विचारानं मला बरं वाटलं.

तेवढ्यात हौसाबाई दारात आली. ती आमच्या शेडात कामाला असते.

"मास्तर, आवाज जरा बारीक करा की. कानाचं पडदं फाटाय लागलं."

मी रिसीव्हरच्या मागून डोकं वर काढलं.

"कुठला आवाज, हौसाबाई?"

"आवं, रेडूचा. शेडात. म्हातारी कवाची गातीया."

मी घड्याळाकडं बोट दाखवलं. "अजून वीस मिनिटं आहेत."

"कसली वीस? धा कवाच वाजून गेलं."

दत्ताभाऊंनी हातातल्या सेलकडं बघितलं. "दाजी, हा सेल तुमी कुठनं काढला?"

उत्तर द्यायची वेळ आली नाही. बत्तीसच्या बत्तीस माणसं चपला न घालता शेडाकडं पळत सुटली. मावशीचा गुडघा दुखतो, ती तिसऱ्या नंबरला होती. हॉलमध्ये मी एकटा राहिलो, आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मागच्या हंगामात बायकांना विरंगुळा म्हणून मीच शेडापर्यंत वायर ओढून तिथं दोन स्पीकर टांगले होते. रिसीव्हरला त्यासाठी एक छोटा खटका आहे: 'ए'वर हॉल, 'बी'वर शेड. शनिवारी माझ्या फडक्यानं तो 'बी'वर सरकवला होता.

इथं शहाण्या माणसानं शेडाकडं पळायला हवं होतं. मी खटका 'ए'वर केला.

दोन्ही स्पीकर असे गरजले की शोकेसमधले कप नाचले. मी धडपडत आवाज कमी केला, आणि आईचा आवाज स्वच्छ आला. लहानपणी पहाटे अंथरुणात पडल्या पडल्या ऐकायचो, तोच. मी जमिनीवर बसलोच. रिकाम्या हॉलमध्ये, बत्तीस जोड्यांच्या साक्षीनं, मी आईची शेवटची ओवी एकट्यानं ऐकली:

साळंत शिकीवतो, लेक माझा वीज-बत्ती
घरातला बल्ब बाई, सून लावी गुणवंती

मग निवेदिका आभार मानून मोकळी झाली आणि हवामान सुरू झालं.

मंडळी परत आली ती घामाघूम.

"आम्ही शेडात पाय टाकला आणि आवाज गेला," सुनंदा म्हणाली.

"तो मी इकडे घेतला," मी म्हणालो.

काका काहीतरी बोलणार होते, पण सुनेच्या भावासमोर नको म्हणून थांबले असावेत. मावशी दम घेत म्हणाली, "शेवटी काय गायली रं?"

"काही विशेष नाही. देवाचं होतं."

सगळ्यात शेवटी आई आली, बेदाणा चघळत. तिनं बायकांसोबत बसून निवांत ऐकलं होतं, फक्त शेवट सोडून.

"देवाचं कुठलं? तुजंच हुतं की," ती म्हणाली, आणि पायरीवर बसून तिनं ती ओवी म्हटली. दोनदा. बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. दत्ताभाऊंनी बहिणीच्या पाठीवर थाप मारली. मग मावशीनं एक ओवी उचलली, आईनं तिला जोड दिली, शेडातल्या बाया येऊन बसल्या, आणि रेडिओनं पंधरा मिनिटं दिली होती तिथं आई तासभर गायली. खरं सांगायचं तर अंगावर काटा आला. माझ्यासुद्धा.

हे सगळं निसटून जायला नको म्हणून मी मोबाईल काढून पूर्ण तासाचं रेकॉर्डिंग केलं. संध्याकाळी सगळ्यांसमोर लावलं. चित्र फार सुंदर आलंय. आई हसते, मावशी मान डोलावते, सगळं दिसतं. आवाज नाही. तासभर माझं बोट माइकच्या भोकावर होतं.

त्या ओवीमुळं मी हे मुद्दाम केलं, असं सुनंदाचं ठाम मत आहे. मी तिला परोपरीनं सांगून बघितलं, की बाई, मुद्दाम करायलासुद्धा त्यातलं थोडं कळावं लागतं.