सुतकात फाटकापर्यंत

मी अन् बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हंजे बैलांना ऊस बारीक करून घातला. दुष्काळाचं साल. गावच्या दूध सोसायटीनं दिंद्रुडच्या रस्त्याला छावणी काढलती. जनावरांबरोबर माणसंबी तिथंच राहायची. चारा म्हणून ऊस यायचा. जन्मभर कारखान्यासाठी तोडला, आता बैलांसाठी तोडत व्हतो. मी कोयता मारायचो, ती कांड्या गोळा करून बैलांपुढं टाकायची. हात चालू व्हते अन् बोलणं एका पोरीला घरी आणायचं चाललं व्हतं.

ही पोरगी तालुक्याच्या अनाथ आश्रमातली, सहा-सात वर्षांची. पोलिओनं एक पाय वाळलेला, त्याला लोखंडी पट्ट्यांचा बूट. दत्तक घ्यायला लोक यायचे, तोंड बघून हासायचे, पाय बघून निघून जायचे. बायको मातर तिला भेटाय जायची, पोरगी तिला मावशी म्हणायची. आमाला लेकरू न्हाई. ऊसतोडीत पाळीमुळं खाडा पडतो म्हणून बायकोची गर्भाची पिशवी तरुणपणीच काढून टाकलती. दुसरा इलाज आमाला कुणी सांगितला न्हाई.

मी आधी न्हाईच म्हणलो. तोडीत नवरा-बायकोची जोडी म्हंजे एक कोयता, दोघांनाबी कामावर जावं लागतं. आमी उसाच्या फडात गेल्यावर ह्या पोरीला बघणार कोण? फडातल्या खुटांवरनं तिला चालता येणार न्हाई, अन् पाचटाच्या कोपीत एकटी ठेवली तर कुत्री, इच्चू. मी तोंडावर बोलणारा माणूस, हे सगळं बोललो. बायको म्हणली, तोडच सोडू, म्हस घेऊ, सोसायटीला दूध घालू. माझी भावजय तिला म्हणली, धड लेकरू मिळंना का तुला? तशी ही म्हणली, “धड नवरा तरी कुठं मिळाला मला?” समद्या छावणीत हासं झालं. मीबी हासलो.

त्या दिशी कांड्या टाकताना तिनं परत इचारलं, “आवो, काय ते एकदाचं सांगा.”

मी कोयता थांबवला अन् म्हणलो, “उद्या आणू.”

 ती हात पुसून सोसायटीत गेली अन् सेक्रेटरीला आश्रमात फोन करायला लावला, की उद्या सकाळी येतोत, पोरीला तयार ठेवा. तिथनंच घागर घेऊन टँकरवर गेली. भरलेली घागर उचलताना बायको पडली, ती उठलीच न्हाई. डॉक्टर म्हणला, काळीज बंद पडलं. दिवस मावळायच्या आत आमी तिला जाळलं.

दुसऱ्या दिशी सकाळी पाहुणे बसलेले असताना मी उठलो अन् पायात वहाणा घातल्या. सुतकात दुसऱ्याच्या दारात जात नसतात. भाऊ म्हणला, फोन करू की, तू कशापायी जातोस? मी म्हणलो, पोरगी वाट बघत बसली असंल. अन् येष्टीत बसलो.

आश्रमाच्या फाटकाबाहेरच उभा राहिलो. तिथल्या बाई आल्या, आत बोलावलं. सुतक हाय म्हणलो अन् काय झालं ते सांगितलं. मग इचारलं, “मी एकटा नेऊ का तिला?”

बाई म्हणल्या, “एकट्या पुरुषाला मुलगी देता येत नाही, बाबा.”

मला ते आधीच कळलेलं व्हतं, तरी इचारलं.

तेवढ्यात पोरगी आलीच. चापूनचोपून घातलेल्या वेण्या, काखेत कापडाचं गठुडं. बाई तिच्याशी बोलायला वळल्या. मी म्हणलो, ऱ्हाऊ द्या, मीच सांगतो.

“मावशी काल मेली,” म्हणलो मी. “मी एकटा राहिलो. एकट्या माणसाला पोरगी देत न्हाईत. म्हणून तुला नेता येत न्हाई.”

तिनं फाटकाचा गज धरला. खाली आपल्या बुटाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

“पायामुळं न्हाई?”

“न्हाई,” म्हणलो. “पायामुळं न्हाई.”