योहानच्या वहीतलं माझं पान

विलायतेत बॅरिस्टरीचा अभ्यास करत होतो. उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि स्वित्झर्लंडला जायचं ठरवलं. खरं कारण सांगतो, आमच्या गावी, कड्याला परतल्यावर चारचौघांत सांगायला काहीतरी भारी हवं होतं. आमच्या आष्टी तालुक्यात बर्फाच्या नदीवरून चाललेला एकही माणूस नव्हता. तो मान मला हवा होता.

लंडनहून आगगाडी, बोट, पुन्हा आगगाडी असं करत ग्रिन्डेलवाल्ड गाठलं. तिथं शाकाहारी माणसाचे हाल होत नाहीत. पाव, लोणी, उकडलेले बटाटे आणि चीज पोटभर मिळतं. लंडनचे बूट मात्र कुचकामी. तळाला खिळे मारलेले बूट भाड्यानं घ्यावेत, आणि लोकरी मोज्यांचा एक जास्तीचा जोड खिशात ठेवावा.

हॉटेलसमोरच्या कट्ट्यावर वाटाडे ओळीनं बसलेले असतात. प्रत्येकाजवळ एक वही असते. फेरी संपली की गिऱ्हाईक तीत शेरा लिहितं, आणि नवं गिऱ्हाईक तो शेरा वाचूनच माणूस निवडतं. मी योहानला निवडलं. पन्नाशीचा, गप्प माणूस, इंग्रजी कामापुरतं. दिवसाचे दहा फ्रँक, म्हणजे सहाएक कलदार रुपये.

पहाटे निघालो. पाइनच्या झाडीतून दोन तास चढलो आणि एकदम ती नदी समोर आली. नदी कसली, नांगरून टाकलेलं रानच ते, फक्त ढेकळं बर्फाची आणि घराएवढी. योहाननं दोरीचं एक टोक माझ्या कमरेला बांधलं, दुसरं स्वतःच्या. म्हणाला, "माझ्या पावलावर पाऊल. बाहेर नाही. थांबायचं तर आधी सांगा."

मला ते झोंबलं. आमच्या घरात गड्यांना पावलं कुठं टाकायची ते आम्ही सांगतो. तासभर ऐकलं. मग डाव्या हाताला एक भेग दिसली, आत नीळ कालवल्यासारखा रंग. बघायला म्हणून मी न सांगता दोन पावलं बाहेर गेलो. पाय सटकला. मी भेगेकडे घसरलो आणि दोरीच्या हिसक्यानं योहान आडवा झाला. पडता पडता त्यानं हातातली बर्फ फोडायची कुऱ्हाड खाली रुतवली आणि तिलाच लोंबकळत मला धरून ठेवलं. मी रांगत वर आलो. मला खरचटलंसुद्धा नव्हतं. त्याचं मनगट उलटं वळलं होतं. तो एवढंच म्हणाला, "उठा. थांबलं की गारठा धरतो."

खाली परतलो तेव्हा हॉटेलच्या व्हरांड्यात दोन इंग्रज चहा पीत होते. त्यातला एक माझे भिजलेले कपडे बघून हसत म्हणाला, "आमचे हिंदी मित्र पडले वाटतं?" माझ्या तोंडून गेलं, "मी नाही, वाटाड्या घसरला." तेवढ्यात योहाननं डाव्या हातानं वही पुढं केली. ते दोघे बघत होते. मी लिहिलं: 'माणूस सभ्य आहे, पण वय झालंय. बर्फावर तोल जाऊन पडला.' खाली झोकात सही ठोकली. आमच्याकडे बैल लंगडला तरी चूक गड्याची, मोट फाटली तरी चूक गड्याची. तीच सवय हातानं चालवली. योहानला इंग्रजी वाचता येत नव्हतं. त्यानं शाई वाळावी म्हणून पानावर फुंकर घातली आणि आभार मानले.

सकाळी गाडीला निघालो तेव्हा तो कट्ट्यावर बसला होता, उजवा हात गळ्यात बांधलेल्या झोळीत. नव्यानं आलेल्या दोन बायकांना वही दाखवत होता, आणि सगळ्यात ताजा शेरा म्हणून माझंच पान उघडून धरलं होतं. त्यांनी वाचलं, एकमेकींकडे पाहिलं आणि शेजारच्या वाटाड्याला बोलावलं. मी वीस पावलांवर होतो. जाऊन खरं सांगायला वेळ होता. मी मान खाली घालून स्टेशन गाठलं. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

पुढच्या वर्षी बॅरिस्टर होऊन परतलो. नगरला आमचा गडी नामा बैलांची दमणी घेऊन आला होता. हद्दीच्या नाक्यावर निजामाच्या शिपायांनी ट्रंक उपसली. इंग्रजी कलदार मोडून निजामाचे हाली रुपये घेतले आणि आपल्या हद्दीत शिरलो. नामाला बर्फाची गोष्ट सांगत होतो.

"लई गार आसंल न्हाई, धाकले मालक? आन् त्यो मानूस पडला कावून?"

"पाय घसरला त्याचा."

नामानं कासरा सैल सोडला. "आमचाच घसरतोय मालक, न्हेमी."

टोमणा असता तर मी रागावलो तरी असतो. तो साधंच बोलला होता, बैलांकडे बघत. पुढं घर येईपर्यंत मी गोष्ट काढली नाही, आणि गावात जमलेल्या मंडळींनाही प्रवासानं अंग दुखतंय म्हणून वाटेला लावलं.

खरं काय ते सांगणारी दोन पत्रं योहानच्या नावानं हॉटेलच्या पत्त्यावर धाडली. उत्तर नाही. म्हणून हे लिहितोय. तुमच्यापैकी कोणी तिकडं गेलंच, तर कट्ट्यावर योहानला शोधा. उजवं मनगट किंचित वाकडं असेल. वही बघायला मागू नका, सरळ त्यालाच घ्या. फेरीवरून परत आल्यावर मात्र वही मागा, 'तोल जाऊन पडला' हा माझा शेरा शोधा आणि सहीखाली, त्याला वाचून दाखवत, माझ्या वतीनं लिहा की हा माणूस पडला नाही, याला मी पाडलं.